मऊचं बटण

औषधांच्या दुकानात रांगेत उभी असताना तिला टिल्ली दिसली, आणि त्याच क्षणी टिल्लीलाही ती दिसली. तिच्या ऑफिसात खेळण्यांच्या चाचणीला येऊन गेलेली मुलं अशी कुठे भेटली की उड्या मारतात, ‘खेळण्यांची ताई, खेळण्यांची ताई’ म्हणून भर रस्त्यात ओरडतात, आईबापांना ओशाळं करतात. तिला त्याची सवय होती, खरं तर त्याची आवडच होती. म्हणून ती आधीच हसली. टिल्लीनं तिला ओळखलं होतं, यात शंका नव्हती. त्या चार-साडेचार वर्षांच्या चेहऱ्यावर ओळख उमटलेली स्पष्ट दिसत होती. पण टिल्ली हसली नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. काही उचललेलं लपवताना मुलं हात मागे नेतात, तसं ते नव्हतं. मुठी रिकाम्या होत्या. ती हातच लपवत होती.

“अगं, ताईंना ओळखलं नाहीस?” टिल्लीची आई म्हणाली. तिच्या छातीशी कापडात बांधलेलं बाळ होतं, नुसती टाळू दिसत होती. “एवढी आठवण काढायचीस! सॉरी हं, ताई. हल्ली असंच चाललंय हिचं.”

“भाऊ की बहीण?” तिनं विचारलं.

“भाऊ. आणि आमची ताईसाहेब त्याला बोटसुद्धा लावत नाही. एकदाही नाही. आधी पोटाला कान लावून बसायची दिवसभर. आता मी म्हटलं ये, हात लाव, तर पळून जाते. सगळे म्हणतात, मत्सर असतो, होतं असं.” मग आवाज उतरवून, “जेवताना पण भरवावं लागतं. कशालाच हात लावायचा नाही म्हणते. पेन्सिल नाही, मांजर नाही, काही नाही.”

दुकानदारानं काय हवं म्हणून विचारलं, तेव्हा तिला काय हवं होतं ते आठवेना. डोकेदुखीची गोळी मागून ती बाहेर पडली. टिल्लीकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलावं लागलं असतं.

फुटपाथवर माणसं तिला चुकवत पुढे जात होती. ती एका बंद शटरपाशी उभी होती, आणि मत्सर असतो, होतं असं, हे वाक्य तिच्या डोक्यात पंख्यासारखं फिरत होतं. किती सोयीचं वाक्य. ते तिनं नुसतं ऐकून घेतलं असतं आणि मान डोलावली असती, तर विषय संपला होता. मान तर तिनं डोलावलीच होती. हो, होतं असं, असंही काहीतरी ती पुटपुटली होती. आणि हे कशामुळे झालं, ते त्या दुकानात फक्त दोघींना माहीत होतं. त्यातल्या एकीला ते सांगता येण्याइतके शब्द नव्हते, आणि दुसरीचा पगारच मुलांच्या मनातलं ओळखून ते शब्दांत मांडण्यासाठी होता.

ती लहान मुलांसाठी वस्तू घडवत असे. पडद्यावर बोट सरकवायच्या नव्हे, हातात धरायच्या, दाबायच्या, कुशीत घ्यायच्या वस्तू, ज्यांच्या पोटात तारा आणि मोटर असतात आणि ज्या स्पर्शाला उत्तर देतात. वस्तू घडवायची, मग एका खोलीत मुलाला ती द्यायची आणि काचेपलीकडून बघत राहायचं. खोलीच्या बाजूनं ती काच म्हणजे आरसा होता. मुलं त्यात दात बघत, जिभा काढत, आणि पलीकडे मोठी माणसं गंभीरपणे टिपणं काढत. मऊ ही तिची सगळ्यात लाडकी वस्तू. उशीएवढा कापडी प्राणी, कान नाहीत, शेपूट नाही, मुद्दामच कुठल्याही प्राण्यासारखा नाही, म्हणजे मूल आपल्याला हवं ते त्यात बघेल. एका मुलानं त्याला नीट निरखून सांगितलं होतं, “हा उंदीर आहे, पण मोठ्या घरचा.” ऑफिसात त्याला क्रमांक होता. मऊ हे नाव टिल्लीनं ठेवलं, आणि नंतर सगळे तेच म्हणू लागले. मोठ्या मॅडमसुद्धा मीटिंगमध्ये ‘मऊचं बजेट’ म्हणत. पाठीवरून हळू हात फिरवला की मऊचा श्वास संथ व्हायचा, जोरात दाबलं की ते अंग चोरायचं. तो श्वास बसवायला तिनं किती झोपलेल्या बाळांच्या चित्रफिती पाहिल्या होत्या. इंजिनिअर कंटाळून म्हणाला होता, “पोट वरखाली होतंय ना? मग झालं तर.” झालं नव्हतं. मोटरची घरघर जाऊन निव्वळ श्वास उरेपर्यंत तिनं त्याला सोडलं नव्हतं. मग पहिल्यांदा तो श्वास तिच्या तळव्याखाली जिवंत झाला आणि तिच्या अंगावर काटा आला. त्या दिवशी तिला वाटलं होतं, आपण चांगलं काम करतो.

चाचणीचा एक भाग असा होता, की मूल रमलं की मऊ बंद करायचं. बटण काचेपलीकडे, तिच्या हातात. वस्तू बिघडल्यावर मूल काय करतं, हाक मारतं, हलवून बघतं, मोठ्यांना बोलावतं की टाकून देतं, त्यावरून ते त्या वस्तूला काय समजतं ते कळतं. यात वावगं काही नव्हतं. नियमही होता, आणि तो तिनंच लिहिला होता: मूल गोंधळलं तर बघायचं, पण रडवेलं झालं की ताबडतोब चालू करायचं, आत जायचं, आणि सांगायचं की हे आम्ही केलं होतं, तुझ्यामुळे झालं नाही. बहुतेक मुलं रडवेली व्हायचीच नाहीत. एकानं मऊला लाथ मारली. एकीनं त्याच्या तोंडाशी बिस्कीट धरलं आणि खात नाही म्हणून स्वतः खाऊन टाकलं. एकानं आरशाकडे तोंड करून स्पष्ट आवाजात सांगितलं, “अहो, चार्जिंग संपलं.”

टिल्लीनं मऊला मांडीवर घेतलं होतं. ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती, माईकवर नुसती कुजबुज येत होती, आणि तिचा हात त्याच्या पाठीवरून इतका हळू फिरत होता की त्याचा श्वास अगदी खोल गेला होता. काचेपलीकडे तिनं बटण दाबलं. टिल्लीचा हात तसाच फिरत राहिला, मग थांबला. तिनं वाकून कान लावला. पुन्हा हात फिरवला. मग स्वतःच्या तळव्याकडे बघितलं, आधी एका, मग दुसऱ्या. तळवे फ्रॉकला पुसले. पुन्हा हात लावला. मग तिनं अंगातला स्वेटर काढायला सुरुवात केली. बटणं तिला नीट येत नव्हती, एक हात बाहीत अडकला, पण तिनं तो काढला आणि मऊवर पांघरला, चहूबाजूंनी खोचला, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर आडवी होऊन रडू लागली. आवाज न करता. काचेपलीकडे ती खुर्चीतून अर्धी उठली होती. बटण तिच्या हातात होतं. आणि ती थांबली. अजून काय करते ते बघू, असं तिच्या मनात आलं. हे शब्द आले की नुसती ओढ आली, ते आता सांगता येणार नाही. पण तिचा कॅमेरा बरोबर कोनात होता, उजेड चांगला होता, आणि इतकं सुंदर तिला त्या खोलीत कधीच मिळालं नव्हतं. सुंदर हाच शब्द होता. ती बघत राहिली. टिल्ली रडत राहिली. मग दारावर थाप पडली, टिल्लीचे बाबा घाईघाईनं आत आले, बाहेर बसलेल्या आईला कळा सुरू झाल्या होत्या, गाडी खाली उभी होती, “चल, चल लवकर,” आणि त्यांनी टिल्लीला उचललं. त्यांच्या खांद्यावरून टिल्ली स्वेटरच्या त्या गाठोड्याकडे बघत होती. काचेमागून उठून ती धावत दारापर्यंत गेली तेव्हा लिफ्ट बंद झाली होती. स्वेटर नंतर शिपायाबरोबर पाठवला. धुऊन, इस्त्री करून.

निरोप पाठवता आला असता. फोन करता आला असता. चौकशीचा फोन ऑफिसातल्या कुणीतरी केलाही, आई-बाळ सुखरूप असल्याचं कळलं, आणि सगळ्यांनी हुश्श केलं. तिनंही केलं. मग ती चित्रफीत मोठ्या पडद्यावर लागली. पाहुणे आले होते, ज्यांच्या होकारावर पुढची वर्षं अवलंबून होती. स्वेटर पांघरताना पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी गळ्याशी हात नेला. दिवे लागले तेव्हा दोघा-तिघांचे डोळे ओले होते. टाळ्या वाजल्या. “मुलाचं या वस्तूशी जे नातं जुळलंय...” असं ती बोलत होती, स्वतःचा आवाज तिला स्थिर आणि छान वाटत होता, आणि एकानं विचारलं, “नंतर मुलगी ठीक होती ना?” तेव्हा ती म्हणाली, “हो, लगेच सावरली.” खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. ते वाक्य अहवालात आधीच होतं.

शटरपाशी उभं राहून पाय दुखायला लागले तशी ती चालू लागली. घरी जाऊन तिनं चहा टाकला आणि तो उतू गेला. ओटा पुसताना तिला वडील आठवले. वडील आठवायचं कारण नव्हतं. किंवा तेच कारण होतं आणि ती इतका वेळ त्याला चुकवत होती. टिल्लीएवढीच असताना तिनं रेडिओचं बटण फिरवलं होतं, फिरवू नकोस म्हणून सांगितलेलं असताना, आणि त्याच क्षणी वीज गेली. घरातली, समोरच्या घरातली, साऱ्या गल्लीतली. अंधारात वडील म्हणाले, “अरे बापरे, काय केलंस हे! सगळ्या गल्लीचे दिवे घालवलेस!” त्यांना ते इतकं गमतीचं वाटलं की पुढे कितीतरी दिवस ते पाहुण्यांना सांगत, हीच ती, हिच्यापासून जपा, आणि पाहुणे घाबरल्याचं सोंग करत. सगळे हसत. तीही हसे. आणि कुणी बघत नसताना खोलीतून जाताना ती भिंतीला अंग घासत जाई, दिव्याच्या बटणांपासून शक्य तितकी लांब. वडील दुष्ट नव्हते. पोरीला त्यांनी कधी बोट लावलं नाही. त्यांना फक्त ती गंमत सोडवत नव्हती. ही गोष्ट तिनं नोकरीच्या मुलाखतीत सांगितली होती. लहान मुलांसाठीच का काम करायचं आहे, असं मोठ्या मॅडमनी विचारलं, तेव्हा अगदी मोजून मापून सांगितली, शेवटी किंचित थांबून. मुलाला वाटतं, जग आपल्या हातानं चालतं आणि आपल्याच हातानं बंद पडतं. हे कधीही न विसरणारी माणसं या कामाला हवीत, असं ती म्हणाली होती. मॅडम खूश झाल्या होत्या. नोकरी त्या गोष्टीवरच मिळाली असावी.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

“तुझी खात्री आहे, की त्यामुळेच?”

“हो.”

“कशी? बाळ झालं, घर उलटंपालटं झालं, आई वाटली गेली. शंभर कारणं असू शकतात. तूच एखादीला हे बजावलं असतंस.”

“तिनं माझ्याकडे बघून हात लपवले, मॅडम.”

मॅडमनी चष्मा परत लावला. “मुलं विसरतात गं. तू जाऊन आठवण करून देशील. आणि तिची आई? ती उद्या तक्रार घेऊन आली तर हे सगळं थांबेल. तुझंच नाही, दहाजणांचं काम.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, “जायचंच असेल तर जा. अडवत नाही. पण ऑफिसच्या वतीनं जाऊ नकोस.”

“आणि मऊ?”

“ते कपाटात आहे,” मॅडम म्हणाल्या. “मी कपाटाकडे बघत नाही.”

रविवारी दुपारी ती गेली. पिशवीत मऊ होतं, त्याचं बटण पर्समध्ये. जिना चढताना तिनं वाक्यं जुळवली. सोपी, लहान, मुलाला कळतील अशी. हेच तर तिचं काम होतं. दार टिल्लीच्या आईनं उघडलं, ओले हात पदराला पुसत, आणि ती भलतीच खूश झाली. कुणी येत नाही हो, बाळ झाल्यापासून सगळे फोनवरच विचारतात, म्हणाली. टिल्ली आतल्या खोलीत होती. बाळ पलंगावर झोपलं होतं, दोन्ही बाजूंनी उशा लावून. तिनं स्वयंपाकघरातच, उभ्या उभ्याच आईला सगळं सांगितलं. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही उपयोगी पडलं नाही. मधेच आईनं नळ बंद केला.

“म्हणजे तिला वाटलं, तिच्या हातानं...”

“हो.”

“आणि तुम्ही ते बघत होतात.”

“हो.”

आईनं ओट्याकडे तोंड फिरवलं. ओरडेल, जा म्हणेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण आई अगदी हळू म्हणाली, “मी तिला मारलंय, ताई. परवा. बाळाला हात लाव म्हणून मारलं. मी तिचा हात धरला आणि ओढत नेला, तर ती किंचाळायला लागली. मी म्हटलं, एवढा कसला द्वेष? पाचही बोटं उमटली होती गालावर.” ती वळली. “द्वेष, असं म्हणाले मी तिला. तिला तो शब्द माहीत पण नसेल.”

तिनं क्षमा करा म्हटलं, ते इतकं कमी होतं की आईनं ऐकलंही नसावं. आई म्हणाली, “चला. तिला सांगा. माझ्यासमोर सांगा.”

टिल्ली खिडकीखाली बसली होती. समोर चित्रांचं पुस्तक उघडं होतं आणि ती पानं कोपरानं उलटत होती. कोपरानं. त्यात ती आता तरबेज झाली होती. पिशवीतून मऊ बाहेर आलं तेव्हा ती उठून भिंतीशी गेली.

“मेलंय ना ते?” तिनं विचारलं.

“नाही. ते मेलं नव्हतंच. ते जिवंतही नव्हतं, टिल्ली. ते यंत्र आहे. बघ, इथे पोटात मोटर आहे.” तिनं शिवण उसवून दाखवली, तारा दाखवल्या, आणि मग पर्समधून बटण काढलं. “हे माझ्याकडे होतं. आरशाच्या पलीकडे. मी दाबलं, म्हणून ते बंद पडलं. तुझ्या हातानं काही झालं नाही. हे बघ.” तिनं बटण दाबलं. मऊ श्वास घेऊ लागलं. पुन्हा दाबलं. थांबलं. पुन्हा दाबलं. उघड्या पोटातली मोटर दिसत होती, आणि तरीही तो श्वासच वाटत होता. इतकं चांगलं तिनं ते केलं होतं.

टिल्ली मऊकडे बघत नव्हती. तिच्याकडे बघत होती.

“आरशाच्या मागे तू होतीस?”

“हो.”

“मी रडत होते तेव्हा?”

“हो.”

“तुला दिसत होतं?”

“हो. सगळं दिसत होतं.”

“मग?”

या एका शब्दासाठी तिनं काहीच जुळवून आणलं नव्हतं. मग काय? मग उजेड चांगला होता. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला एकदम वाटलं, वडिलांना आपण हेच कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं. दारात आई उभी होती. खोटं बोलायची एवढी सवय जिभेला असते, की एक छोटंसं, गोड, मुलाला कळेल असं कारण तोंडात आलंही होतं.

“मग मी काहीच केलं नाही,” ती म्हणाली. “मी बघत राहिले. मी यायला हवं होतं. मी आले नाही. ती माझी चूक होती.”

टिल्लीनं ते ऐकून घेतलं. सुटका झाल्यासारखा तिचा चेहरा उजळला वगैरे नाही. ती काहीतरी जुळवून बघत होती, भुवया आईसारख्या आवळून, आणि मग तिनं पलंगाकडे हनुवटी केली.

“बाळाचं बटण कुणाकडे आहे?”

“बाळाला बटण नसतं.”

“मग ते कोण बंद करतं?”

“कुणी नाही. ते आपापलं चालतं.”

“आपापलं?” टिल्लीला हे अजिबात पटलं नाही. ती पलंगापासून हातभर अंतरावर जाऊन थांबली. “आधी तू लाव.”

तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. ती पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि बाळाच्या पोटावर तळवा ठेवला. इतक्या चित्रफिती पाहिल्या, पण एवढ्या लहान बाळाला हात लावायची तिची ही पहिलीच वेळ होती. अंगड्याखाली ऊब होती. आणि हालचाल नव्हती. झोपलेल्या बाळाचा श्वास मधेच क्षणभर थबकतो, हे तिला माहीत होतं. मऊमध्ये ते थबकणंही बसवावं का, यावर तिनं इंजिनिअरशी वाद घातला होता. त्या माहितीचा आता काडीचाही उपयोग होत नव्हता. तळव्याखाली काहीच नव्हतं. तिनं बोटं किंचित दाबली. तिच्या स्वतःच्या छातीत श्वास अडकला, आणि तिच्या मनात लख्ख आलं, की हे आपण केलं, आपल्याच हातानं झालं. मग पोट वर आलं. बाळानं नाक आक्रसलं, मोठ्या माणसासारखा एक उसासा टाकला आणि ते झोपूनच राहिलं.

टिल्ली या सगळ्या वेळात बाळाकडे नव्हे, तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“घाबरलीस?”

“हो.”

“मी पण तशीच घाबरले होते,” टिल्ली म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, असलाच तर जरासा मोठेपणा होता. ती पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली. बराच वेळ तिथे उभी राहिली. आई दारातून हलली नाही. रडत असावी, पण आवाज येत नव्हता. मग टिल्लीनं एक बोट पुढे केलं आणि बाळावर नव्हे, बाळाच्या दुपट्याच्या अगदी टोकावर टेकवलं. दुपटं बाळाच्या श्वासाबरोबर थोडं थोडं ओढलं जात होतं, आणि त्याबरोबर ते बोट.

“आज एवढंच,” टिल्लीनं जाहीर केलं.

“एवढंच,” ती म्हणाली.

“आता तुझा काढ.”

तिनं हात काढून घेतला.